आरडीए टूलकिट पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

एएसीआर-२ वर, म्हणजे तालिकीकरणाच्या जुन्या नियमांवर, हात बसलेला असतो, मार्क या संगणकीय नोंदींच्या स्वरूपाचे टॅग तोंडपाठ असतात, आणि तरी आरडीए या त्यानंतरच्या नियमांचं नवं ऑनलाइन टूलकिट उघडलं की पायाखालची जमीन सरकते. माझं तसंच झालं होतं. त्यामुळे आधीच सांगते, तुमची तयारी कमी पडलेली नाही. टूलकिटच्या पुनर्रचनेच्या थ्री-आर प्रकल्पात आयएफएलए या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या लायब्ररी रेफरन्स मॉडेलनुसार (एलआरएम) सगळी मांडणीच बदलली आणि १५ डिसेंबर २०२० पासून तीच अधिकृत आहे. आधीच्या आरडीएत २.३ म्हणजे शीर्षक, २.४ म्हणजे कर्तृत्वनिवेदन (पुस्तक कोणाचं ते सांगणारी ओळ), ही क्रमांकांची सोय होती, ती गेली. त्या क्रमांकांवरून नव्या पानांकडे नेणारे तक्ते फिरत असतात. माझ्या मते त्यांच्या नादी लागूच नका. तक्ता पान दाखवतो, पण त्या पानाचं करायचं काय ते सांगत नाही.

आणि खरी मेख तिथेच आहे.

समजा, शीर्षकपृष्ठावर पाच लेखक आहेत. एएसीआर-२ मध्ये तिघांहून अधिक झाले की पहिलं नाव आणि पुढे 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर'), विषय संपला. नव्या टूलकिटमध्ये कर्तृत्वनिवेदनाच्या पानावर कंडिशन (अट) दिसते आणि खाली ऑप्शन (पर्याय). सगळी नावं द्या, हे आरडीएत बसतं. काही गाळून तसं नमूद करा, हेही बसतं. नवखा माणूस पान पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्याला एकच बरोबर उत्तर हवं असतं. ते त्या पानावर नाही. कितीही वाचलंत तरी सापडणार नाही. पूर्वी निदान 'कोअर', म्हणजे द्यायलाच हवेत असे, घटक ठरलेले होते, आता ती खूणही काढून टाकली आहे.

उत्तर असतं पॉलिसी स्टेटमेंटमध्ये, म्हणजे एखाद्या संस्थेने कोणता ऑप्शन घ्यायचा ते ठरवून दिलेल्या सूचनेत, आणि तुमच्या ग्रंथालयाने स्वतःसाठी केलेल्या अशाच निवडींच्या यादीत, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन प्रोफाइलमध्ये. लायब्ररी ऑफ काँग्रेस व पीसीसी या सहकारी तालिकीकरण कार्यक्रमाची स्टेटमेंट्स टूलकिटमध्येच ऑप्शनला जोडून दाखवता येतात. ती दिसत नसतील तर आधी तो संच निवडा, मगच पुढे वाचा. आणि तुमच्या ग्रंथालयात प्रोफाइल लेखी नसेल, तर तुम्ही आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी एकाच पुस्तकाची दोन वेगळी रेकॉर्ड्स कराल, दोन्ही आरडीएप्रमाणे बरोबर, आणि तालिकेत गोंधळ. हे हमखास होतं.

अपडेट आलं की हाच धागा धरा. बदल मूळ पाठात आहे की पॉलिसी स्टेटमेंटमध्ये? पाठातली वाक्यरचना बदलली तर बहुतेक वेळा तुमच्या कामात काहीच हलत नाही, घाबरू नका. स्टेटमेंटमधली एक ओळ बदलली तर मात्र उद्यापासून रेकॉर्ड वेगळं होऊ शकतं. म्हणून रिलीज नोट्स वाचाच, पण स्टेटमेंट्समधले बदल वेगळे तपासा. कधी मॉडेलच बदलतं. आधीच्या आरडीएत काल्पनिक पात्रालाही निर्माता म्हणून नोंदवता यायचं, एलआरएममध्ये 'पर्सन' म्हणजे फक्त खरी माणसं. असे बदल मोजके असतात, ते सावकाश समजून घ्या.

मार्गदर्शकाबद्दल माझं ठाम मत आहे. 'आमच्याकडे असंच करतात' म्हणून थांबणाऱ्याकडून टॅग शिका, आरडीए नको. पुस्तकावर फक्त कॉपीराइट २०१९ छापलंय, तर २६४ या प्रकाशनाच्या टॅगमध्ये दुसरा इंडिकेटर (टॅगनंतरचा खुणेचा अंक) १ देऊन चौकटी कंसात [२०१९] का लिहिलं, आणि कॉपीराइटसाठी इंडिकेटर ४ वेगळा का, हे जो स्वतःचं रेकॉर्ड उघडून सांगतो त्याला धरून राहा. तयार रेकॉर्ड उतरवून घेण्यात काही गैर नाही. फक्त ०४० चं सबफील्ड ई, म्हणजे कोणते नियम वापरले ती नोंद, आधी बघा. तिथे 'आरडीए' नसेल आणि २४५ या शीर्षकाच्या टॅगमध्ये एच, म्हणजे साहित्यप्रकाराची जुनी खूण, दिसत असेल, तर ते जुन्या नियमांचं असण्याची शक्यता मोठी.

टूलकिटला वर्गणी लागते आणि सगळ्या ग्रंथालयांना ती परवडत नाही. आरडीए रजिस्ट्री मात्र खुली आहे. घटकांच्या व्याख्या आणि शब्दसूची तिथे मोफत मिळतात, ३३६, ३३७, ३३८ (आशय, माध्यम आणि वाहक यांचे टॅग) च्या संज्ञासुद्धा. ऑप्शन आणि पॉलिसी स्टेटमेंट तिथे नाहीत, त्यासाठी वर्गणी असलेल्या ग्रंथालयात जाऊन बसावं लागेल.