गिफ्टसाठी कागदी क्रॅकर बनवताय? या चुका टाळा

नाताळ जवळ आला की सातारा, सांगली, मिरज इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत रंगीत कागदाला मागणी वाढते. भेट नुसती बॉक्समध्ये देण्याऐवजी कागदी क्रॅकरमध्ये, म्हणजे दोन टोकं ओढून फाडायच्या कागदी नळीत, घालून दिली तर ती उघडण्याचीच मजा होते. हा प्रकार मूळचा 1840च्या दशकातला, लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्याचा. पीळ दिलेल्या कागदात मिठाई, ही त्याची मूळ कल्पना. त्यामुळे आत कंदी पेढे किंवा तासगावचे बेदाणे घातले तर ते अगदी शोभून दिसतात.

रचना सोपी आहे. मधे भेटीची नळी, भोवती कागद आणि नळीच्या दोन्ही बाजूंना आवळलेली मान. दोघांनी दोन टोकं धरून ओढलं की कागद मानेशी फाटतो. बिघडतं तेही बहुतेक वेळा मानेशीच.

मापं अंदाजाने घेणं

40 मिमीच्या पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे कापून घ्या: एक 15 सेंमीचा, दोन 7 सेंमीचे. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर त्या कागदाला ओरखडतात. मोठ्या तुकड्यावर 14 x 10 सेंमीची कार्डशीट गुंडाळून नळी करा. जोडावर सव्वा-दीड सेंमी कार्ड एकावर एक यायला हवं. बाहेरचा कागद 15.5 x 30 सेंमी. हिशोब असा: मधली नळी 10, दोन्ही बाजूंना मानेसाठी 3-3 आणि टोकांना 7-7. मानेची जागा 3 सेंमीपेक्षा कमी ठेवली तर कागद आवळायला जागाच मिळत नाही, जास्त ठेवली तर मान लुळी पडते.

कागद उलट्या दिशेने कापणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सहज ध्यानात येत नाही. कागद एका दिशेने मुकाट वळतो, दुसऱ्या दिशेने अडून बसतो. घडी न पाडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून, वरून तळहाताने दाबून पाहा, फरक हाताला लगेच कळतो. नळीभोवती गुंडाळताना तो सहज वळणाऱ्या बाजूने वळला पाहिजे. उलटा कापला तर जोड सारखा उघडतो आणि मानेवर बारीक चुण्यांऐवजी दोन-तीन जाड घड्या पडतात. क्रेप कागदाच्या सुरकुत्याही क्रॅकरच्या लांबीला धरूनच हव्यात.

50 x 70 सेंमीच्या शीटमधून एका मांडणीत सहा कागद निघतात, दुसरीत चारच. सहाच्या मोहात पडण्याआधी कागद कुठे वळतो ते बघा. 80 ते 100 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद उत्तम. चकचकीत प्लास्टिक थर असलेला गिफ्ट पेपर घेऊच नका. तो ताणतो, पण फाटत नाही.

टोकाचे तुकडे चिकटवणं

मधली नळी कागदाला चिकटलेलीच हवी, नाहीतर ओढताना ती कागदातून निसटते. टोकाचे 7 सेंमीचे पाइप मात्र मोकळे ठेवायचे, ते फक्त साचे आहेत. कागदाच्या जोडाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा ग्लूस्टिक वापरा. फेव्हिकॉल भरपूर लावला तर पातळ कागद फुगतो. लावायचाच असेल तर अगदी पातळ हात फिरवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय मान आवळू नका.

मान झटक्यात आवळणं

शिलाईचा दोरा इथे नको, तो कागद कापतो. लोकरीचा किंवा जाड सुती धागा 40 सेंमी घ्या. मानेभोवती एकच वेढा द्या, गाठ नको. दोन्ही टोकं हळूहळू ओढत जा, चुण्या सगळीकडून सारख्या येऊ द्या. कागद आत येऊ लागला की टोकाचा पाइप आपोआप नळीकडे सरकतो. तो तसाच आणखी थोडा ढकलला की नळीच्या कडेवर कागदाचा गोल खांदा तयार होतो. क्रॅकरचं देखणेपण याच खांद्यात आहे. मग धागा काढून रिबन बांधा आणि पाइप फिरवत बाहेर काढा. भेट आणि चिठ्ठी दुसरी मान बांधण्याआधी आत जायला हवी. चिठ्ठीवर एखादा उखाणा किंवा कोडं लिहा.

ओढलं तरी फाटत नाही

कागद लांबीच्या दिशेने जास्त ताकदवान असतो. म्हणून गुंडाळण्याआधीच, नळीच्या कडेपासून 1 सेंमीवर सुईने टोच्यांची एक ओळ मारा, टोच्यांमध्ये 3-4 मिमी अंतर ठेवून. ही ओळ एकाच मानेवर हवी. दोन्हीकडे मारली तर नळी मधल्यामधे जमिनीवर पडते आणि पेढे धुळीत जातात.

आवाजासाठी फटाका घालणं

विकतच्या क्रॅकरमध्ये आवाजासाठी पट्टी असते, तिच्यावर सिल्व्हर फल्मिनेट या स्फोटकाचा अगदी किंचित अंश असतो. तिला पर्याय म्हणून लवंगी, टिकल्या किंवा फटाक्याची दारू कधीही घालू नका. हा क्रॅकर तोंडासमोर धरून ओढला जातो आणि बहुतेकदा ओढणारी मुलंच असतात. आवाजाविनाही क्रॅकर छान लागतो.

उघडा खाऊ भरणं

पेढ्याचं तूप तासाभरात कागदावर उमटतं. प्रत्येक पेढा बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि तो 4 सेंमीच्या नळीत जातो का, हे आधीच बघा. बेदाणे बंद पाकिटात, 50 ग्रॅमपर्यंत. त्याहून जड झालं तर एसटीच्या धक्क्यांनी टोच्यांची मान वाटेतच उसवते. खोक्यात क्रॅकर आडवे ठेवा, एकावर एक रचू नका आणि टोकांच्या पोकळ भागात कागदाचे बोळे भरा. पोचल्यावर ते काढले की टोकं जशीच्या तशी गोल राहतात.