डॉल्फिन गप्प होते की रेकॉर्डर बहिरा? या चुका टाळा

पाण्याखाली ठेवलेला रेकॉर्डर वर काढला, आलेख मांडला आणि दिसलं की डॉल्फिनचे आवाज रात्री भरपूर, दिवसा तुरळक. लगेच 'इथले डॉल्फिन रात्री जास्त हालचाल करतात' असं लिहून मोकळे होऊ नका. दिवसा तिथे बोटींची वर्दळ असेल, तर इंजिनांच्या घरघरीत शिट्ट्या बुडून जातात. रात्री बोटी थांबल्या की त्याच शिट्ट्या लांबूनही सापडतात. बदलतं ते आपलं ऐकणं, डॉल्फिन नव्हे. उलटही होतं. उथळ, उबदार पाण्यात चिमटा आपटणारी कोळंबी काटक्या जळाव्यात तशी तडतडते आणि पुष्कळ ठिकाणी पहाटे आणि तिन्हीसांजेला तिचा जोर वाढतो, तेव्हा त्या गोंगाटात डॉल्फिन झाकले जातात. म्हणून ज्या वारंवारतेच्या पट्ट्यात डॉल्फिनचे आवाज शोधताय, त्याच पट्ट्यातला पार्श्वभूमीचा गोंगाट मिनिटामिनिटाला मोजा आणि आलेखाशेजारी ठेवा. फार गोंगाटाची मिनिटं विश्लेषणातून वगळा. 'आवाज नाही' याचा अर्थ 'डॉल्फिन नाही' असा तर कधीच धरू नका. ते शांतही राहतात.

भरती-ओहोटी विसरणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. चारच दिवस रेकॉर्डिंग केलं आणि त्या दिवसांत भरती सकाळी 6 ते साडेआठच्या दरम्यान आली, तर सकाळचा उंचवटा उजेडामुळे की भरतीमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. निदान 15 दिवस हवेत, महिना असेल तर उत्तम. महिन्यात उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही दोनदा येतात.

सॅम्पलिंग रेट, म्हणजे रेकॉर्डर सेकंदाला आवाज किती वेळा मोजतो तो आकडा, 48 किलोहर्ट्झवर राहिला, तर 24 किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मिळत नाही. शिट्ट्या बहुतांशी येतात, पण बॉटलनोज डॉल्फिनच्या क्लिकचा (भक्ष्य शोधताना काढलेल्या तीक्ष्ण टिकटिकीचा) जोर 100 किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याहूनही वर असतो. 384 किलोहर्ट्झ, 16 बिट ठेवलं, तर दिवसाला साधारण 66 जीबी डेटा. कार्ड पुरत नसेल, तर तासातून सलग दहा मिनिटं घेण्याऐवजी दर सहा मिनिटांनी एक मिनिट घ्या. जागा तितकीच लागते, पण जाता जाता डोकावणारा कळप निसटायची शक्यता कमी.

सॉफ्टवेअरने 'क्लिक' म्हटलं की मान डोलवू नका. बोटींचे इको साउंडर (आवाजाने खोली मोजणारी यंत्रं) बऱ्याचदा 50 किंवा 200 किलोहर्ट्झवर चालतात. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या वेळ-वारंवारता चित्रावर, त्यांच्या उभ्या रेघा कुंपणाच्या खांबांसारख्या एकसारख्या अंतरावर दिसतात. डॉल्फिनच्या रेघा हळूहळू जवळ येतात, विरळ होतात आणि भक्ष्य टप्प्यात आलं की इतक्या दाटतात की कानाला सलग गुणगुण वाटते. त्या काही क्षणांत एकच प्राणी शेकडो क्लिक करतो, तेव्हा क्लिक मोजून डॉल्फिन मोजू नका. 'डॉल्फिन ऐकू आलेली मिनिटं' हे माप बरं.

साखळीने नांगरलात, तर साखळीच ऐकत बसाल, दोर वापरा.

घड्याळाचं काय? रेकॉर्डर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर लावलेला असतो आणि महिनाभरात पुढेमागेही होतो. पाण्यात सोडताना आणि वर काढल्यावर, फोनवरची वेळ वहीत लिहून, डब्यावर बोटाने तीनदा टकटक करा. फाइलमधली टकटक आणि यूटीसीत बदललेली वहीतली वेळ यांतला फरक म्हणजे घड्याळाची चूक.