एका गुणाने हुकलेल्या हंगामाचा हिशेब कसा मांडायचा: इंटर मिलान, २०२४-२५

एखादा मोठा क्लब हंगामभर सगळीकडे शेवटपर्यंत पोचतो आणि हाती काहीच लागत नाही, तेव्हा चर्चा एका पेनल्टीवर किंवा एका अंतिम सामन्यावर येऊन अडकते. इंटरच्या २०२४-२५ च्या हंगामाचं तेच झालं. हा हिशेब नीट मांडायला कागद, लीगचे निकाल आणि गोलांची मिनिटं एवढं पुरतं.

आधी छाटणी करा. 'थोडक्यात हुकलं' कशाला म्हणायचं, ते ठरवून घ्या. ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये पीएसजीने (पॅरिस सेंट-जर्मेन) चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना ५-० ने जिंकला. हा थोडक्यात झालेला पराभव नव्हे, तो बाजूला ठेवा. कोपा इटालियाच्या (इटलीच्या चषक स्पर्धेच्या) उपांत्य फेरीत एसी मिलानकडून दोन सामने मिळून ४-१, तोही बाजूला. जानेवारीतला रियाधमधला सुपरकोपा (इटालियन सुपर कप) मात्र ठेवा: २-० आघाडीवरून ३-२ हार, निर्णायक गोल भरपाई वेळेत. आणि लीग, म्हणजे इटलीची सेरी आ, तर ठेवायचीच. नापोली ८२ गुण, इंटर ८१.

आता लीगची तालिका. ३८ सामन्यांचे जास्तीत जास्त ११४ गुण होतात, त्यातले इंटरने ३३ गमावले: ९ बरोबऱ्यांचे १८ आणि ५ पराभवांचे १५. जिंकलेल्या २४ सामन्यांकडे पाहू नका. गोलफरकाचा मोह तर टाळाच. केलेले आणि खाल्लेले गोल: इंटर ७९-३५, नापोली ५९-२७, त्यावरून 'खरा चांगला संघ इंटरच' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण लाझिओवरचा ६-० आणि वेरोनावरचा ५-० मिळून ११ गोल झाले आणि गुण मिळाले सहाच.

उरलेल्या १४ सामन्यांसाठी चार रकाने आखा: प्रतिस्पर्धी, सर्वात चांगली स्थिती, गुण निसटवणाऱ्या गोलाचं मिनिट, गमावलेले गुण. दुसरा रकाना भरताना सहा नावं एकत्र येतात: जेनोआ, युव्हेंटस (४-२ वरून ४-४), बोलोन्या (घरचा सामना), नापोली (त्यांच्या घरी), पार्मा (२-० वरून २-२) आणि लाझिओ. सहाही ठिकाणी आघाडी होती, सहाही बरोबरीत सुटले. १२ गुण इथेच गेले.

मिनिटांच्या रकान्यात ८५ ही रेघ ओढा. जेनोआत ९५वं मिनिट, सप्टेंबरच्या डर्बीत (त्याच शहरातल्या एसी मिलानविरुद्ध) गाब्बियाचा गोल ८९व्या, नापोलीत बिलिंग ८७व्या, बोलोन्यात ओर्सोलिनी ९४व्या, लाझिओविरुद्ध पेद्रोची पेनल्टी ९०व्या मिनिटाला. एकूण ८ गुण: निसटलेल्या तीन आघाड्यांचे ६, हातच्या दोन बरोबऱ्यांचे २. पण इथेच बहुतेकांचा हिशेब एकतर्फी होतो. जमेची बाजूही लिहा: मोंझाविरुद्ध डम्फ्रीस ८८व्या मिनिटाला आणि फेब्रुवारीच्या डर्बीत डी फ्राय भरपाई वेळेत, म्हणजे उशिरा कमावलेले २ गुण. निव्वळ तोटा सहाचा. रेघ ८० वर आणली तर युव्हेंटसची ८२व्या मिनिटाची बरोबरीही आत येते, तेव्हा रेघ आधी ठरवा आणि मग हलवू नका.

पुढची पायरी लोक सर्रास गाळतात: प्रतिस्पर्ध्याचीही हीच तालिका. नापोलीनेही २४ जिंकले, १० बरोबरीत सोडवले, ४ हरले. गुण गमावलेले सामने त्यांचेही १४च. फरक एवढाच, की त्यांच्या एका बरोबरीच्या जागी इंटरचा एक पराभव आहे. जेनोआने नापोलीलाही ११ मे रोजी ८४व्या मिनिटाला २-२ वर रोखलं होतं. 'नशीब फक्त आमचंच फुटकं' हे वाक्य इथे गळून पडतं.

आमनेसामनेच्या सामन्यांना वेगळं चिन्ह करा, कारण तिथल्या गोलाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. बिलिंगच्या गोलाने इंटरचे २ गुण नेले आणि नापोलीला १ दिला, म्हणजे अंतरात ३ चा फरक. नापोलीविरुद्धच्याच घरच्या १-१ मध्ये इंटरच्या चाल्हानोग्लूची पेनल्टी खांबाला लागली, तिचंही गणित हेच.

'एक गुण जास्त असता तर' असं लिहिण्याआधी नियम पाहा. सेरी आमध्ये २०२२-२३ पासून विजेतेपदासाठी गुण समान झाले तर थेट निर्णायक सामना होतो. ८२-८२ ने इंटरला चषक नव्हे, आणखी एक सामना मिळाला असता. (असा सामना इतिहासात एकदाच झालाय, १९६४ मध्ये रोममध्ये, आणि त्यात बोलोन्याने इंटरलाच २-० हरवलं.) त्यामुळे गाब्बिया किंवा ओर्सोलिनीचा गोल पुसून भागत नाही. बाकी निकाल तेच धरले तर सहा बरोबऱ्यांपैकी कोणतीही एक आघाडी टिकली असती, तर मात्र काम झालं असतं.

शेवटी थकव्याची चाचणी. क्लब विश्वचषक सोडला तर इंटरचे हंगामातले सामने ५९, युरोपात नसलेल्या नापोलीचे ४१. हा आकडा नुसता फेकू नका. पाचवा रकाना वाढवून मागच्या सामन्यानंतर किती दिवस गेले ते लिहा. पार्माआधी तीन दिवसांवर कोपाची डर्बी होती. बोलोन्यातल्या पराभवाआधी चार दिवसांवर चॅम्पियन्स लीगचा बायर्नविरुद्धचा सामना. २०, २३ आणि २७ एप्रिल या तीन तारखांना इंटर बोलोन्या, मिलान आणि रोमाकडून एकही गोल न करता हरलं. इथे थकव्याचं कारण पटतं. पण जेनोआचा सामना हंगामातला पहिलाच होता, आणि लाझिओआधी पूर्ण आठवड्याची विश्रांती होती. या दोन सामन्यांत गेलेले चार गुण थकव्याच्या खाती टाकता येत नाहीत. त्यांच्यासाठी शेवटच्या दहा मिनिटांतल्या बदली खेळाडूंची आणि पेनल्टी क्षेत्रातल्या चुकांची वेगळी नोंद करा. दोन्हीकडे गुण नेणारा गोल पेनल्टीतूनच आला.