पत्र्याच्या वाढीव खोलीत इन्सुलेशनमधून लाइटची वायर कशी न्यावी

सांगली-मिरजेकडे गच्चीवर वाढीव खोली म्हटलं की वर पत्रा, खाली उष्णता अडवणारं इन्सुलेशन, म्हणजे ग्लासवूल किंवा चंदेरी फॉइलची शीट, आणि त्याखाली जिप्समचं सिलिंग. वायरिंग जिप्सम लागायच्या आधीच उरकायचं.

वायरचा पाईप इन्सुलेशनच्या खाली, म्हणजे खोलीच्या बाजूला न्या. सहा एलईडी पॅनेल बारा-बारा वॅटचे धरले तरी लोड ७२ वॅट, म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही; वायर स्वतः तापत नाही. तिला तापवतो तो एप्रिल-मेमधला पत्रा. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंशांची, म्हणून पत्रा आणि ग्लासवूलच्या मधे तिला कोंबू नका. एसीच्या वायरचं गणित वेगळं. ती इन्सुलेशनमध्ये पूर्ण गुरफटली तर तिची करंट वाहायची क्षमता जवळपास निम्मीच धरावी लागते. ती भिंतीवरूनच न्या.

थर्माकोल वापरला असेल तर वायर त्याला उघडी टेकू देऊ नका. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा तेलकट घटक थर्माकोलमध्ये उतरतो. थर्माकोल विरघळून चिकटतो आणि वायरचं कव्हर कडक होऊन तडकतं. पाईपमध्ये घातली की प्रश्न मिटला, शिवाय उंदरांपासूनही बचाव. ग्लासवूल ही त्यांची आवडती जागा.

१२ बाय १५ फुटांच्या खोलीत तीन-तीन लाइटच्या दोन ओळी, स्विचबोर्ड त्याच खोलीत, एवढं धरू. २० मिमी पीव्हीसी पाईपच्या दहा फुटी पाच लांब्या, प्रत्येक लाइटपाशी एक जंक्शन बॉक्स, १.५ स्क्वेअर एमएमची एफआर (सहज पेट न घेणारी) कॉपर वायर लाल, काळी, हिरवी प्रत्येकी २० मीटर. सर्किटला ६ अँपिअरचा एमसीबी आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच.

मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा. जमिनीवर खडूने लाइटच्या जागा आखा आणि ओळंब्याने वर घ्या. सिलिंगच्या पट्टीवर लाइट येत असेल तर आत्ताच सरकवा. पाईप दर दोन फुटांवर सॅडलने आवळा. दोन बॉक्समध्ये दोनपेक्षा जास्त बेंड नकोत, नाहीतर वायर ओढताना सोलते. एका पाईपात पाच वायरींवर जाऊ नका. जुन्या भिंतीतून पाईप आणताना भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. पत्रा आणि भिंतीच्या सांध्यातून पावसाळ्यात गळतंच, आणि ते पाणी पाईपातून थेट बोर्डात उतरतं.

जोड फक्त बॉक्समध्ये, कनेक्टर लावून. नुसती टेप गुंडाळली तर उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि तांबं उघडं पडतं. फॉइलच्या शीटखाली हे जिवावरचं काम आहे. एक उघडी तार टेकली की सगळी शीट आणि तिला लागलेला लोखंडी सांगाडाही जिवंत होऊ शकतो. फॉइलला स्टेपल मारणाऱ्याला पाईपची रेघ आधी दाखवा, आणि सांगाड्याला अर्थिंग द्याच. लाइटपाशी फूटभर वायर सैल सोडा.

ग्लासवूल पाईपभोवती चीर देऊन बसवा. दाबून पातळ केलं तर तेवढ्या पट्ट्यात ऊन थेट खाली उतरतं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पॅनेलवर आणि त्याच्या ड्रायव्हरवर (एलईडीला करंट पुरवणाऱ्या डबीवर) मात्र ग्लासवूल पांघरू नका, चारी बाजूंनी तीन इंच मोकळे ठेवा. लाइट वर्षभरात लुकलुकू लागला तर दोष बहुतेक वेळा कोंडलेल्या ड्रायव्हरचा असतो, दुकानदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

जिप्सम बोर्ड मारायच्या आधी लाइट न जोडता ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं कव्हर शाबूत आहे का ते दाखवणाऱ्या मीटरने) फेज-न्यूट्रल आणि दोन्ही अर्थशी तपासा; एक मेगओहमच्या खाली दाखवलं तर कुठेतरी वायर सोललीय. मग मोजायची टेप लावून पाईपच्या मार्गाचे फोटो काढा, पुढे पंख्याचा हुक ठोकताना लागतील. डीबीतलं (एमसीबीच्या पेटीतलं) जोडकाम आणि मेगर लायसनधारक वायरमनकडूनच करून घ्या. एसीमुळे मंजूर लोड ओलांडत असेल तर महावितरणकडे आधी अर्ज.