नियंत्रित रसायनांची आयात: या चुका टाळा

ॲसेटिक अनहायड्राइड औषध आणि रंग उद्योगाला नेहमी लागते. पण त्याच रसायनाने मॉर्फिनचे हेरॉइन करता येते, म्हणून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालील २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशाने त्यावर बंधने घातली आहेत. तरीही अनेक आयातदार त्याची मागणी साध्या सॉल्व्हंटसारखी नोंदवतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे माल जहाजावर चढल्यावर ना हरकत प्रमाणपत्रासाठी धावपळ करणे. तळोज्यातील एका कारखान्याला परदेशी पुरवठादाराने चांगला भाव दिला, म्हणून त्यांनी आगाऊ रक्कम पाठवली आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) हाती आल्यावर ग्वाल्हेरला नार्कोटिक्स आयुक्तांकडे अर्ज केला. कंटेनर न्हावा शेवाला उतरले, तेव्हा अर्जावरील पहिल्या शंकेचेही उत्तर गेले नव्हते. बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडील आयातीचे कागद) अडकले, डेमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे बंदरातील मुक्काम व कंटेनर अडवून ठेवल्याचे दंड, दिवसागणिक चढत गेले आणि स्वस्तात घेतलेला माल देशी मालापेक्षा महाग पडला. अशा मालाची पूर्वसूचना निर्यातदार देशाने भारतीय यंत्रणेला द्यायची असते. ती येते तेव्हा तुमचा अर्जच दप्तरी नसेल, तर संशय येणे स्वाभाविक आहे. ‘सीएचए (सीमाशुल्क दलाल) बघून घेईल’ हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही, कारण सीएचए कागद पुढे नेतो, परवानगी निर्माण करत नाही. प्रमाणपत्र टेबलावर आल्याखेरीज मी पुरवठादाराला माल रवाना करण्याची तारीख देत नाही, मग विक्री विभागाने कितीही घाई करो.

दुसरी चूक सीमाशुल्काच्या वर्गीकरणाची. ॲसेटिक ॲसिड २९१५ २१ या कोडमध्ये येते, अनहायड्राइड २९१५ २४ मध्ये. जुन्या फाइलवरून कोड उतरवणाऱ्या नवशिक्यांची इथे हमखास गफलत होते. मी प्रोफॉर्मा इनव्हॉइस (पुरवठादाराचे आगाऊ बिल), अर्ज आणि पुरवठादाराचे विश्लेषणपत्र शेजारी ठेवून पदार्थाचे नाव, सीएएस क्रमांक (रसायनाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) १०८-२४-७, वजन आणि कारखान्याचा पत्ता सहकाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतो. मुंबईच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता एका कागदावर आणि प्रकल्पाचा दुसऱ्यावर, एवढ्यानेही खुलासा मागितला जातो.

एनसीबीच्या (अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या) विभागीय संचालकांकडील नोंदणी वेगळी आहे. आयातीच्या प्रमाणपत्राने तिची गरज संपत नाही. त्रैमासिक विवरणपत्रातील साठा गोदामाच्या नोंदवहीशी जुळल्याशिवाय त्यावर सही करू नये.