मराठी-कन्नड टायपिंगसाठी आयबस: शिफारशी घ्याव्यात की गाळाव्यात?

निपाणी-खानापूरकडच्या झेरॉक्स सेंटरात एकाच मशीनवर कन्नड अर्जही टाइप होतो आणि मराठी भाडेकरारही. जुन्या संगणकावर डेबियन किंवा उबंटू हे लिनक्स घातलं आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं असलं, की पॅकेजमध्ये, म्हणजे उतरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काटछाट करायचा मोह होतो. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये रोमन लिपीतच टाका.)

ॲप्ट म्हणजे पॅकेज बसवणारी कमांड. तिच्यात डिपेंड्स, म्हणजे पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं, नसतील तर पॅकेज बसतच नाही. रेकमेंड्स, म्हणजे शिफारशी, ॲप्ट न विचारता सोबत आणतो. सजेस्ट्स म्हणजे जेवणानंतरचा कुंदा, मागितल्याशिवाय ताटात पडत नाही.

घोळ होतो तो शिफारशींत. ॲप्टला ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ देऊन आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) घातला तर तो बिनतक्रार बसतो, पण ॲपशी त्याला जोडणारं आयबस-जीटीके३ आणि इम-कॉन्फिग या शिफारशी गळतात. मग कीबोर्ड निवडलेला दिसतो, पण खिडकीत उमटतं इंग्रजीच. लोक कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तासभर शोधत बसतात. कोड सांभाळणाऱ्या गिटचंही तसंच: सीए-सर्टिफिकेट्स (वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं) हीसुद्धा शिफारसच आहे, ती नसली की नव्या मशीनवर क्लोन करताना, म्हणजे नेटवरून कोड उतरवताना, सर्टिफिकेट पडताळणी फसते.

म्हणून रोजच्या मशीनवर डिफॉल्टच ठेवा. काटायचंच असेल तर एकेका पॅकेजपुरतं, आणि आधी यादी बघून. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ला ‘-एस’ जोडलं की काहीच बसत नाही, नुसती नावं दिसतात. त्यातलं एखादंच नको असेल तर त्याच्या नावाला शेवटी चिकटून उणे चिन्ह द्या. तेवढंच गाळून बाकीचं बसतं. मात्र आधीपासून बसलेल्या पॅकेजला उणे लावलं तर ते काढलं जातं, हे ध्यानात ठेवा.

दोन्ही भाषांसाठी आयबस, आयबस-एम१७एन (यात भारतीय भाषांचे कीबोर्ड येतात), फॉन्ट्स-लोहित-देवा आणि फॉन्ट्स-लोहित-केएनडीए एवढं घ्या. कन्नड फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. मग ‘इम-कॉन्फिग -एन आयबस’ चालवा, लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी व कन्नड इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडा.

शिफारशी आधीच गाळल्या असतील तर ‘ॲप्ट इन्स्टॉल आयबस’ पुन्हा चालवून भागत नाही. पॅकेज नवीनतम आहे म्हणून ॲप्ट गप्प बसतो. ‘ॲप्ट-कॅश डिपेंड्स आयबस’ने शिफारशी पाहा आणि राहिलेलं नाव घेऊन बसवा.

ईटीसी फोल्डरातल्या ॲप्टच्या ॲप्ट.कॉन्फ.डी फोल्डरात ‘इन्स्टॉल-रेकमेंड्स’ कायमचं फॉल्स करू नका. सहा महिन्यांनी दुसरंच पॅकेज अर्धवट बसेल आणि कारण कुणाला आठवणार नाही. कंटेनर किंवा सर्व्हरवर चालेल, पण तिथेही सीए-सर्टिफिकेट्स आठवणीने नाव घेऊन घाला. आणि ही ओळ घातल्यावर ऑटोरिमूव्हने (नको असलेली पॅकेजं काढणारी ॲप्टची कमांड) जागा मोकळी होईल ही आशा नको: आधी आलेल्या शिफारशींना तो डिफॉल्टने हात लावत नाही.