पाय डॉक्टरला कधी दाखवायचा, दुखत नसला तरी

आपल्याकडे पायाची पाळी सगळ्यात शेवटी येते. दाढ ठणकली की लगेच डेंटिस्ट, पण टाचेला भेगा पडल्या तर वज्रीने घासा नि कोकमाचं तेल लावा, कुरूप झालं तर ब्लेड घ्या. कोकम तेलाला माझी काही हरकत नाही, पण भेगेतून रक्त यायला लागलं, किंवा पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या मेडिकलमधली फंगसची क्रीम लावून दोनेक आठवड्यांत हटल्या नाहीत, तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जायचं. पाय मुरगळला आणि चार पावलंही टाकता येईनात तर मालिशवाला नको, आधी एक्स-रे. सकाळी पहिलं पाऊल टेकवताच टाचेत कळ येते न् थोडं चाललं की कमी होते, त्याला बहुतेक वेळा पोटऱ्यांचे स्ट्रेचिंग आणि घरातही मऊ चप्पल एवढं पुरतं, काही आठवडे करून फरक नाही पडला तर ऑर्थो गाठा.

खरा घोळ शुगरवाल्यांचा असतो. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तही खाली नीट पोचत नाही, मग चप्पलमधला खडा दिवसभर टोचला तरी पत्ता नाही, रात्री सॉक्स काढल्यावर रक्ताचा डाग दिसतो आणि घरचे म्हणतात दुखत नाही ना, मग राहू दे. अहो दुखत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे! शुगर असेल आणि पायाला फोड, जखम, पू, वास, काळं पडलेलं बोट यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. एकच पाय लाल, गरम, सुजलेला आहे पण फारसा दुखत नाही, तरी तेच, कारण कधीकधी आतली हाडं मोडत असतात, तोवर त्या पायावर भार टाकू नका. कॉर्न कॅपमध्ये, म्हणजे कुरूपावर चिकटवायच्या पट्टीत, सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते चांगली कातडीही जाळतं, म्हणून शुगरवाल्यांनी ती लावायची नाही, आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही, चटका कळतच नाही. नवरात्रात अनवाणी राहायचा नेम असला तरी चप्पल घाला, देवी समजून घेते.

काही झालं नसलं तरी वर्षातून एकदा पाय तपासून घ्यायचे. डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात, कळला का विचारतात, पायाची नाडी बघतात, झालं.

जायचं कोणाकडे? पोडियाट्रिस्ट, म्हणजे फक्त पायाचे डॉक्टर, आपल्याकडे फार कमी, त्यामुळे आधी तुमचा शुगरचाच डॉक्टर, जखम असेल तर जनरल सर्जन किंवा डायबेटिक फूट क्लिनिक. चालताना पोटरी भरून येते न् थांबलं की सुटते, त्यात विडी-सिगारेट असेल, तर व्हॅस्क्युलर सर्जन, कारण तो मामला रक्तवाहिनीचा असू शकतो.

जाताना रोजचीच झिजलेली चप्पल घालून जा, कुठल्या बाजूने झिजलीय त्यावरून भार कुठे पडतो ते कळतं. आणि नेलपॉलिश काढून टाका, नखांचा रंग बघायचा असतो.